एकवीस गुणांचा मानकरी

ब्रॅन्डर गावात ड्वेन फॅनेनस्टीलला त्याच्या नावाने हाक मारणारी माणसं दोनच. एक चर्चचे पाद्री आणि दुसरी त्याची बायको मार्लिस, तीही फक्त रागात असली तर. उरलेल्या गावाला तो 'बटर'. बोटांना लोणी चोपडल्यासारखा हातातून चेंडू सुटतो, म्हणून बटर. १९७८च्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी चेंडू पडला आणि त्याच्यापाठोपाठ हे नावही पडलं. चेंडू निदान कुणीतरी उचलून नेला. नाव तिथेच राहिलं.

तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि ब्रॅन्डर कॉलेजच्या संघात होता. आमच्या कॅन्ससमधला फुटबॉल हातात धरून पळायचा असतो. समोरच्यांनी आभाळात लाथाडलेला चेंडू झेलायचा आणि जीव घेऊन धावायचं, एवढंच ड्वेनचं काम होतं. त्यातलं जीव घेऊन धावणं त्याला उत्तम जमायचं. त्या दिवशी सेंट ऑल्बनच्या संघाविरुद्ध पहिला चेंडू त्याच्या छातीवर आपटून उडाला. समोरच्यांनी तो उचलला आणि टचडाउन केलं. सात गुण. दुसरा त्याच्या दोन्ही हातांमधून असा सरळ खाली गेला, की जणू हात मैदानाबाहेरच राहिले होते. आणखी सात.

प्रशिक्षकांना दया आली. म्हणाले, "पोराला झेलायला नको, चेंडू आयताच हातात द्या. जरा धीर येईल." चेंडू द्यायचं काम क्वार्टरबॅकचं, म्हणजे जीन कूलमनचं. जीन त्याचा जिवलग मित्र. जीन वळला, ड्वेन धावत आला, दोघांच्या मध्ये चेंडू जमिनीवर पडला आणि रेडिओवरचा निवेदक किंचाळला, "पुन्हा फॅनेनस्टील! देवा, पुन्हा तोच!" आणखी सात. मध्यंतराला सेंट ऑल्बन चोवीस, ब्रॅन्डर शून्य.

उत्तरार्धात ड्वेनला बाकावर बसवलं आणि जीनने चमत्कार केला. सत्तावीस-चोवीस. ब्रॅन्डर जिंकलं. पोरांनी जीनला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं. त्याच हिवाळ्यात ड्वेनने संघ सोडला. शाळेत खेळ शिकवायचा, प्रशिक्षक व्हायचं, असं त्याच्या मनात होतं, तेही सोडून दिलं. दोन वेळा चेंडू सुटला तर दिवस वाईट होता म्हणता येतं. तीनदा सुटल्यावर आपण काय चीज आहोत ते त्याचं त्याला कळलं होतं. तो गावच्या धान्य कोठारावर लागला. गव्हाचे ट्रक वजनकाट्यावर घ्यायचे आणि आकडा वाचायचा, अशी चाळीस वर्षं काढली. "इथे मला काही झेलावं लागत नाही," असं तो प्रत्येक नव्या ट्रकवाल्याला सांगायचा. ट्रकवाल्याला सुचायच्या आत.

हीच त्याची युक्ती होती. लोकांनी हसायच्या आधी आपण हसायचं. लग्नात पाद्रींच्या हातून अंगठी घेताना तो म्हणाला, "खाली कुणीतरी टोपी धरा." मुलगी झाली तेव्हा नर्सला म्हणाला, "आधी आईकडे द्या, माझा इतिहास विचारून या." नर्स ब्रॅन्डरचीच होती. तिने खरोखरच बाळ आईकडे दिलं.

दर शनिवारी सकाळी डोनाच्या कॅफेत म्हाताऱ्यांची बैठक भरायची आणि हंगाम असो वा नसो, एकच वाद व्हायचा. पिछाडीवरून मारलेल्या बाजीत ब्रॅन्डरची सर्वांत मोठी बाजी कोणती? निवृत्त जमीन मोजणीदार हार्लन टिकल ९६च्या सामन्याचा वकील. बर्फ पडत होतं, चार मिनिटं उरली होती, सतरा गुण मागे. ड्वेन ७८चा. आणि त्याचं म्हणणं बिनतोड होतं.

"पिछाडीवरून जिंकायचं तर आधी पिछाडीवर जावं लागतं की नाही?" तो टेबलावर बोट आपटायचा. "चोविसातले एकवीस गुण मी एकट्याने दिलेत. दाखव तुझ्या ९६मध्ये असा एक तरी कर्तबगार माणूस!"

"आमच्यात सगळ्यांना हात होते रे," हार्लन म्हणायचा.

"म्हणून तर मजा नाही त्यात."

जीन कूलमनही त्या टेबलावर असायचा. पुढे त्याची विम्याची कचेरी झाली, गावात मान होता, दोन वर्षांपूर्वी बायको गेली. तो या वादात कधी पडायचा नाही. ७८चा विषय निघाला की खाली मान घालून बशीतला ॲपल पाय खायला लागायचा. लोक म्हणायचे, बघा, केवढा मोठा खेळाडू आणि किती विनयी.

यंदा कॉलेजच्या फुटबॉलला शंभर वर्षं झाली. कॉलेजने ठरवलं, हा वाद एकदाचा मिटवायचा. डोनाच्या कॅफेत जाहीर सभा, दोन वक्ते, हात वर करून मतदान. ७८साठी अर्थातच ड्वेन. त्याने महिनाभर आधीपासून वही भरायला घेतली.

"एवढा अभ्यास कॉलेजात केला असतास तर," मार्लिस म्हणाली.

"तिथे विषय माझ्या आवडीचे नव्हते. हा विषय म्हणजे मीच आहे."

त्यातच जुन्या प्रशिक्षकांच्या मुलीला तळघरात ७८च्या सामन्याची फिल्म सापडली. स्टँडच्या माथ्यावरून घेतलेली, काळी-पांढरी, बिनआवाजाची. कॉलेजच्या टेसा नावाच्या पोरीने ती संगणकावर चढवली आणि सभेच्या आधीच्या रविवारी, प्रार्थनेनंतर, चर्चच्या हॉलमध्ये दाखवायचं ठरलं. बायकांनी राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल केले होते. दीडशे माणसं जमली. ड्वेन पहिल्या रांगेत, जावयाच्या थाटात बसला.

पहिला चेंडू छातीवरून उडाला तेव्हा हॉल हसून हसून लोळला. ड्वेनने उठून कमरेत वाकून अभिवादन केलं. दुसऱ्याला टाळ्या पडल्या. "आता बघा हं," तो मागे वळून म्हणाला, "आता माझी सर्वोत्तम कामगिरी."

पडद्यावर जीन वळला, ड्वेन धावत आला, चेंडू पडला. हॉल हसला. एकटा हार्लन हसला नाही. आयुष्यभर जमिनीच्या रेघा मोजलेला माणूस तो.

"टेसा, जरा मागे घे," तो म्हणाला. "आणि हळू चालव."

तिने हळू चालवलं. जीन वळत होता. चेंडू त्याच्या उजव्या हातातून घसरला, मांडीला लागला आणि खाली गेला. ड्वेन तेव्हा अजून दोन पावलं लांब होता. त्याचे हात पुढे आले ते रिकाम्या हवेत.

"पुन्हा," हार्लन म्हणाला.

पुन्हाही तसंच झालं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे जीन कूलमन अर्धा रोल हातात धरून बसला होता. त्याने रोल बशीत ठेवला, कोट उचलला आणि निघून गेला. टेसाने घाबरून फिल्म बंद केली.

ड्वेनला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर चोरी झाल्यासारखं. त्याचे एकविसाचे चौदाच राहिले! घरी जाताना गाडीत तो चिडून म्हणाला, "चौदा गुण कुणीही देईल. सभेत आता बोलू काय?"

मार्लिसने त्याच्याकडे पाहिलं. "ड्वेन," ती म्हणाली, आणि रागात नसताना म्हणाली. "तू संघ का सोडलास?"

 घरी आल्यावर ड्वेन गॅरेजमध्ये जाऊन कधीच न बिघडलेलं गवत कापायचं यंत्र उघडून बसला. दोन दिवस त्याने एकही विनोद केला नाही. मार्लिसला घर कुणी भाड्याने घेतल्यासारखं वाटायला लागलं.

मंगळवारी दुपारी जीन आला. गॅरेजच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"तुला माहीत होतं?" ड्वेनने विचारलं.

"हातातून सुटला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"सामना संपला की सांगणार होतो. मग आपण जिंकलो. मला खांद्यावर घेतलं. माणसाच्या खांद्यावर बसून कसं सांगतात, बटर? खाली उतरेपर्यंत सगळं गाव तुला हसत होतं आणि तूही हसत होतास. मला वाटलं, तुला काही वाटत नाही."

"मला काही वाटत नाही असं पंचेचाळीस वर्षं दाखवतोय मी. तू एकटाच एवढा गाढव निघालास, खरं मानलंस." ड्वेनच्या हातातला पाना खाली पडला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. "हा माझा," ड्वेन म्हणाला. "हा माझ्याच नावावर लिही."

जीनला हसू आलं नाही. "मी प्रशिक्षक झालो असतो," ड्वेन पाना उचलत म्हणाला. "कदाचित वाईटच झालो असतो. पण झालो असतो."

"मी शनिवारी सगळ्यांसमोर सांगतो."

"सांग," ड्वेन म्हणाला. त्याने जीनला कॉफी विचारली नाही.

शनिवारी कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. सभा सुरू व्हायच्या आधीच जीन उभा राहिला आणि विम्याचा कागद वाचावा तसं एका सुरात बोलला. तिसरा चेंडू माझ्या हातून पडला. मला ते माहीत होतं. मी बोललो नाही. मी बटरची माफी मागतो.  मग मागून कुणीतरी म्हणालं, "डोना, जीनचा कप काढून घे बाई, नवा आहे!"

गाव हसलं. त्यात वाईट काही नव्हतं, ड्वेनने असले हजारो विनोद ऐकले होते. पण जीन लाल झाला, मग पांढरा झाला आणि खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेला.

ड्वेनला त्याक्षणी कळलं, की या माणसाला आयुष्यात कुणी हसलेलंच नाही. पासष्टाव्या वर्षी त्याचा पहिला दिवस होता.

तो मागोमाग गेला. जीन आपल्या गाडीला टेकून उभा होता.

"किल्ली हातात ठरत नाहीये," जीन म्हणाला. "हसू नकोस."

"हे बघ, नीट ऐक. मी हे एवढंच शिकलोय आयुष्यात. त्यांच्या आधी आपण बोलायचं. आत जायचं आणि पहिला विनोद आपला. मग त्यांच्याकडे उरतं काय?"

"मला विनोद येत नाहीत."

"माहीत आहे. चाळीस वर्षं तुझ्यासोबत कॉफी पितोय."

दोघं आत आले. सगळे पाहू लागले. जीनने घसा खाकरला. "मी... विमा विकतो," तो म्हणाला. "पण... चेंडूचा विमा... मी उतरवला नव्हता."

कुणीच हसलं नाही. मग ड्वेन हसला, आधी ओढूनताणून आणि मग खरंच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कारण इतका भिकार विनोद त्याने सबंध जन्मात ऐकला नव्हता. त्याला हसताना पाहून बाकीचे हसले. जीन खाली बसला आणि त्याने कपाळ पुसलं.

मग ड्वेनने भाषण केलं. वही उघडलीच नाही. "माझी बाजू गेल्या रविवारी एक तृतीयांश कोसळली आहे," तो म्हणाला. "तरी उरलेल्या चौदा गुणांवर मी ठाम आहे. आणि कूलमनसाहेबांनीही हातभार लावला म्हणून मी आज त्यांचा आभारी आहे. एकट्याला फार ओझं होत होतं." शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज जरा हलला, पण लोकांना तो विनोदाचाच भाग वाटला.

मतदानात हार्लनचा ९६ जिंकला. एकसष्ट विरुद्ध अठ्ठेचाळीस. मार्लिसनेही हात ९६लाच वर केला होता.

"तू?" ड्वेन म्हणाला.

"बर्फ होतं रे. शिवाय त्या सामन्याला मी स्वतः होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्वेन जीनच्या घरी गेला. बरोबर मार्लिसने दिलेले कोबी आणि खिमा भरलेले गरम पाव, आमच्याकडचे बीरॉक, होते. टेसाने जीनला फिल्म दिली होती आणि चर्चमध्ये उत्तरार्ध पाहायचा राहिलाच होता.

"लाव," ड्वेन म्हणाला.

"तुला काय बघायचंय त्यात? तुला तर एकेक डाव पाठ आहे."

ड्वेनने बीरॉकचा एक घास घेतला आणि सावकाश चावला. "मी उत्तरार्ध पाहिलेला नाही."

"म्हणजे?"

"बाकावर डोक्यावरून टॉवेल घेऊन बसलो होतो. शेवटपर्यंत. लोक ओरडायचे त्यावरून अंदाज घेत होतो."

जीन ताडकन सरळ बसला. "पंचेचाळीस वर्षं! दर शनिवारी! तू न पाहिलेल्या सामन्यावरून भांडतोयस?"

"हार्लनला सांगितलंस तर बघ."

जीनने फिल्म सुरू केली. पडद्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात बाकावर एक पांढरं गाठोडं दिसत होतं. त्याला डोकं नव्हतं, नुसते गुडघे होते. त्याच्यासमोर विशीतला जीन कूलमन मैदानात उतरत होता, आणि सोफ्यावर बसलेला पासष्टीचा जीन पुढे सरकून म्हणाला, "आता बघ हं, आता मी डावीकडे—"

"गप रे," ड्वेन म्हणाला. "पुढचं सांगू नकोस."