काळा गोल

जपानमध्ये, सेंदाईत माझी सायकल दुरुस्त करणाऱ्या आजोबांचं नाव मी कधी विचारलं नाही. तेही मला नुसतं ‘इंदो-सान’, म्हणजे ‘भारतवाले’, म्हणायचे. बोलण्याआधी आपल्या ‘बरं का’सारखं एक लांबलचक “मा...”, आणि काम झालं की घंटी एकदा वाजवून बघायची, मगच सायकल माझ्या हातात.

दुकानात २०११चं, म्हणजे मोठ्या भूकंपाच्या वर्षाचं कॅलेंडर अजून लटकत होतं. गावच्या बेसबॉल टीमच्या प्रत्येक मॅचला त्यांनी पेन्सिलीनं गोल काढला होता. काही पांढरे ठेवलेले, बरेचसे काळे केलेले.

“बरंच जिंकलात की त्या वर्षी!” मी म्हटलं.

“मा... जिंकलो की पांढरा, इंदो-सान. काळा म्हणजे हरलो.”

मी ओशाळलो. जन्मभर परीक्षेत बरोबर उत्तराचा गोल काळा करत आलेला मी!

ते मात्र एप्रिलच्या सुरुवातीच्या कोऱ्या चौकटींवरून ग्रीस लागलेलं बोट फिरवत राहिले. “भूकंपानंतर मॅचच नव्हत्या. मग सुरू झाल्या. पहिला काळा गोल काढला ना, त्या दिवशी टीमला मनसोक्त शिव्या घातल्या.” घंटी वाजवून त्यांनी सायकल माझ्याकडे दिली. “काय बरं वाटलं म्हणून सांगू!”