तीन कंपायलरांची मर्जी

ऑफिसात तिला सगळे किरकिरताई म्हणायचे, अगदी तोंडावर. तीही खुशाल ओ द्यायची.

कारखाना विणकामाच्या यंत्रांचा. ती यंत्रं चालवणारा प्रोग्राम एकच. पण तो यंत्राच्या भाषेत उतरवणारे कंपायलर तीन. एक जुन्या यंत्रांसाठी, एक नव्यांसाठी, एक टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चाचणी घ्यायला. तिघांची तीन तोंडं. एकाला चालेल ते दुसऱ्याला खुपायचं. चूक नसली तरी इशारे द्यायचे: इथे बघा, तिथे बघा. ते पडद्यावरून धो धो वाहून जायचे आणि कोणी ढुंकूनही बघत नसे.

"चालतंय ना? मग झालं," साहेब म्हणायचे.

"एखादा खरा असला, तर या गर्दीत दिसणार कसा?"

शेवटी साहेबच कंटाळले. "कर बाई साफ. पण रोजचं काम सांभाळून."

तिने कंबर कसली. जुन्या कंपायलरची समजूत काढावी, तर नवा फुरंगटायचा. घरी नवऱ्याला म्हणाली, "दोन नणंदा आणि एक सासू, तिघींना एकच भाजी आवडायला हवी, असं काम आहे."

"आईला मध्ये आणू नकोस," नवरा घाईघाईने म्हणाला.

एक इशारा फक्त नवा कंपायलर द्यायचा: सुईचा क्रमांक ठेवायची जागा कधीकधी न भरताच वापरली जातेय. बाकी दोघे गप्प. तिने तिथे शून्य भरलं. इशारा गेला.

काही दिवसांनी फोरमनकाका स्वेटरची बाही घेऊन वर आले. कडेला भोकंच भोकं. "टाके आधीही सुटायचे, ताई, पण कुठेही. आम्ही सुताला शिव्या द्यायचो. आता दर वेळी पहिल्याच सुईवर सुटतात."

साहेबांनी बाही टेबलावर टाकली. "झाकली मूठ बरी होती. सगळं पूर्वीसारखं कर."

तिचे कान तापले. प्रोग्राम सुया शून्यापासून मोजायचा, म्हणजे पहिली सुई तिच्याच शून्याची. इशाऱ्याचं म्हणणं न ऐकता तिने नुसतं त्याचं तोंड बंद केलं होतं. "शून्य माझंच, ते काढते," ती म्हणाली. "पण पूर्वीसारखं नाही करणार."

ती खाली गेली. धागा तुटला की टाके जास्त सुटतात, असं काकांचं म्हणणं. म्हणून ते मुद्दाम धागा तोडायचे, ती यंत्राकडे टक लावून बघायची. दुपारपर्यंत उलगडा झाला. धागा तुटला की प्रोग्राम सुई ठरवायचंच विसरायचा आणि त्या जागेत जे पडलं असेल तेच सुईचा क्रमांक समजून पुढे दामटायचा. तिने तिथे यंत्र थांबवायची सोय केली आणि तिन्ही कंपायलरांवर तपासली. जुन्याने नवी कुरकुर काढली, ती खरोखरच पोकळ होती. साहेबांना शेजारी बसवून तिने ती दाखवली. मग तेवढाच इशारा, त्या एका कंपायलरपुरता, त्याच जागी बंद केला. का बंद केला, तेही शेजारी लिहिलं.

टाके सुटायचे थांबले. उरलेले इशारे निपटायला तिला बरेच महिने लागले. मग तिने नियम मागितला: नवा इशारा आला की प्रोग्राम तयारच होऊ द्यायचा नाही.

"आणि घाई असली तर?"

"तर घाईघाईने बघायचा. पण बघायचा."

साहेबांनी मान डोलावली. त्याच आठवड्यात पलीकडून त्यांची हाक आली, "किरकिरताई, हा मेला कंपायलर मला पुढेच जाऊ देत नाही!"

ती खुर्ची ओढत त्यांच्या टेबलाशी गेली. "काय म्हणतोय तो, मोठ्याने वाचा बघू."