गुळाचा खडा आणि पार्सलची आमटी

“देव बघतोय तर बघू दे, ह्यांनी नको बघायला,” असं म्हणून ती पार्सलची पिशवी ओढणीखाली घ्यायची आणि पेट्रोल पंपावरून आमच्या गाडीकडे निघायची. चाल अशी, की न पाहणाऱ्यानेही वळून पाहावं. चोरी न जमणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तिच्याइतकी वाईट चोर मी दुसरी पाहिली नाही.

शारजात ती आमची शेजारीण. मी तिला वहिनी म्हणायची, तिच्या नवऱ्याला भाऊजी, ती मला ताई. मी नोकरी करणारी आणि याद्या करणारी बाई. सहलीला काय घ्यायचं, कोणी घ्यायचं, कुठे ठेवायचं, हे मी आदल्या दिवशी लिहून काढत असे. वहिनीला यादी लागत नसे. पहाटे उठून मुलांचे डबे, मग भाऊजींचा डबा, मग भारतातून आलेल्या कोणा ना कोणा पाहुण्याचा नाश्ता. तिच्या घरी कायम कोणीतरी भारतातून आलेलं असायचं.

भाऊजींनी मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून जुनं मोटरहोम घेतलं, तेव्हा सगळी इमारत खाली उतरली. आत झोपायला फळ्या, घडीचं टेबल, सिंक, दोन शेगड्यांचा गॅस. आम्ही तिला घरगाडी म्हणायला लागलो. भाऊजी दार उघडून प्रत्येकाला सांगत, “हिच्यासाठी चालतंफिरतं स्वयंपाकघर घेतलंय! आता सहलीतसुद्धा हॉटेलचं खायला नको.”

त्यांचं चूक नव्हतं. लग्नाआधी ते इथे एकटे राहिले होते, हॉटेलचं खाऊन पोटाचं दुखणं लावून घेतलं होतं. वहिनीच्या वरणभाताने ते बरे झाले, असं ते चारचौघांत सांगत. ती तेव्हा खाली बघायची.

पहिली सहल खोर फक्कानला. दोन्ही घरची माणसं घरगाडीतून गेलो. आम्ही सगळे पाण्यात, वहिनी आत पोळ्या लाटतेय. घडीचं टेबल लाटण्याबरोबर हलतंय, आत भट्टी पेटलेली. परत येताना मी विचारलं, “कसा वाटला समुद्र?”

“छान होता,” ती म्हणाली. “गॅसच्या वरच्या खिडकीतून दिसला.”

पुढच्या वेळी पंपावर भाऊजी चाकांतली हवा, काच, पाण्याची टाकी यांत गुंतले. त्या कामाला ते अर्धा तास सहज घेत, आणि मध्ये कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. आम्ही दोघी तोंड धुवायला गेलो. शेजारीच एका शाकाहारी भारतीय हॉटेलची शाखा होती. त्या काळात या हॉटेलच्या शाखा सगळीकडे निघाल्या होत्या. तीच लाल पाटी, तीच खुर्ची, तेच वरण. वहिनी काचेपाशी थांबली.

“ताई,” ती म्हणाली, “मला एकदाच पाण्यात पाय सोडून बसायचंय.”

मी वरणाचं पार्सल बांधून घेतलं. माझ्या यादीत बर्फाची पेटी होतीच, तिच्या तळाशी ते गेलं.

समुद्रावर पोचल्यावर ती भाऊजींना म्हणाली, “तुम्ही जरा पाय मोकळे करून या.” ते गेले. तिने वरण पातेल्यात ओतलं, गोडा मसाला घातला, गुळाचा खडा टाकला आणि वर मोहरीची चरचरीत फोडणी दिली. “फोडणीचा वास आला की नवरे काही विचारत नाहीत,” असं म्हणून ती किनाऱ्याकडे पळाली. सलवार गुडघ्यापर्यंत ओढून ती पाण्यात बसली. शेजारी मी. लाट आली की ती पाय उचलायची आणि पुन्हा सोडायची.

भाऊजी जेवले. बोटं चाटली. “बघा ताई,” ते मला म्हणाले, “गाडी कुठेही उभी करा, हिच्या हाताची चव तीच!”

वहिनीचा घास तोंडातच राहिला.

मग हे दर हिवाळ्यात चालू झालं. फुजैरा, हत्ता, रास अल खैमा. प्रत्येक शाखेत चव तीच, त्यामुळे भाऊजींचं कौतुकही तेच. प्रत्येक कौतुकाला ती कोमेजायची. शनिवारी उपास करायची. “कशाचा?” विचारलं तर म्हणायची, “तुम्हाला माहितेय कशाचा.” तिची मुलगी वैतागून म्हणायची, “आई, जस्ट टेल हिम!” त्यावर वहिनी, “तू गप. माणसाचा एका गोष्टीवर विश्वास असतो, तो आमटीवरून घालवायचा का?”

एकदा सहलीनंतर भाऊजींचं पोट बिघडलं. ऑफिसच्या पार्टीत त्यांनी काहीबाही खाल्लं होतं, पण ती ऐकेना. देवासमोर कान धरले. पुढच्या सहलीला तिने घरगाडीत घामाने निथळत खरीखुरी आमटी केली. भाऊजींनी भुरका मारला, थांबले.

“आज जरा वेगळी लागतेय का गं? नेहमीसारखी नाही.”

मी पाणी प्यायला वळले. वहिनी हसत होती की रडत होती, मला तेव्हाही कळलं नाही. त्यानंतरच्या सहलीला बर्फाच्या पेटीत पुन्हा पार्सल होतं आणि शनिवारी पुन्हा उपास.

मुलाच्या अकरावीसाठी ती दोन्ही मुलांना घेऊन पुण्याला गेली. इथल्या बऱ्याच घरांचं तसंच होतं. नवरा मागे राहतो आणि पुन्हा बॅचलर होतो. भाऊजी सकाळी स्वतः कुकर लावत. घरगाडी खाली उभी, काचेवर वाळूचा थर.

एका सुट्टीच्या शुक्रवारी आम्हीच त्यांना उठवलं. “यल्ला, चला,” म्हणत त्यांनी किल्ली घेतली खरी, पण रास अल खैमाच्या वाटेवर पंपापाशी गाडी थांबवून म्हणाले, “आज आतच बसू. तिच्याशिवाय गाडीत जेववत नाही.”

तीच लाल पाटी. “पुढे बघू या ना, इथे गर्दी आहे,” मी म्हणाले. हॉटेल रिकामं होतं.

वरण आलं. भाऊजींनी एक चमचा तोंडात घातला आणि चमचा तसाच धरून ठेवला. काचेतून पलीकडे उभ्या घरगाडीकडे पाहिलं.

“यात गूळ नाही,” ते म्हणाले.

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

“गोडा मसाला पण नाही.” मग, “मला फिरायला पाठवायची ती.”

“हो.”

“आणि ती काय करायची?”

“पाण्यात पाय सोडून बसायची, भाऊजी.”

त्यांनी मान हलवली. भात कालवला आणि खाली बघत जेवले. परत भात मागितला. मग बाहेर जाऊन पुण्याला फोन लावला. मी मागोमाग गेले.

“जेवलो. हो, बाहेरच... त्याच हॉटेलात... अगं, हॅलो? रडतेस काय? गूळ नव्हता, एवढंच... मला सांगितलं असतंस तर मीही बसलो असतो ना पाण्यात.” मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

“ताई, रागावलेत का हो?”

“नाही.”

“किती जेवले?”

“दोनदा भात घेतला.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग नेहमीची वहिनी बोलली, “हॉटेलचं एवढं नका हो खाऊ देऊ त्यांना. पोटाला सोसत नाही.”

नाही देणार, मी म्हणाले. वळून पाहिलं तर भाऊजी नळी लावून घरगाडीच्या टाकीत पाणी भरत होते. त्या दिवशी आत भांडी घासायला कोणीच नव्हतं, तरी नेहमीसारखी काठोकाठ.