एक चित्र दोनदा

ढोके सर गेल्याचं त्यांच्या मुलीनं, मीनानं, फोनवर सांगितलं. आवाज शांत होता. "काका, काल पहाटे बाबा गेले," म्हणाली, आणि थोडं थांबून, "तुमच्या अक्षरातली एक वही सापडली आहे. सवडीनं घेऊन जा." बोरगाव मेघेतल्या घरात मी फोन हातात धरून बसून राहिलो. बाप जाऊन एक दिवस झालेला असताना कुणी वहीचं बोलतं का? तिनं ती उघडून पाहिली असेल का? तिच्या आईनं तिला काय काय सांगून ठेवलं असेल?... पुढं देवळीत शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, "पैशाच्या बाबतीत सर जरा कच्चे होते, पण कलावंत मोठे." लोकांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत होतो आणि गप्प बसलो. सरांच्या बाबतीत माझं हे गप्प बसणं पहिलं नव्हतं, म्हणून आता लिहितो आहे.

सत्तरच्या दशकात सर देवळीच्या शाळेत चित्रकला शिकवत. मी जिनिंग कारखान्यात कारकून. कापसाच्या गाठी मोजायच्या आणि भावानं गुणायच्या, एवढंच मला येत होतं. सरांच्या डोक्यात हलत्या चित्रांचा सिनेमा शिरला. एक खार कापसाच्या बैलगाडीत लपून बाजाराला जाते, एवढीच गोष्ट, दहा मिनिटांची. पैसे उभे करायचं काम मी अंगावर घेतलं. मारुतीच्या पारावर सभा झाली. सर म्हणाले, पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रं जातात. मी तिथल्या तिथं गुणाकार केला: चौदा हजार चारशे चित्रं. एक रुपया, एक चित्र. शंभर रुपयांचा एक भाग घ्या, शंभर चित्रं तुमच्या मालकीची. सरांनी माझी बाही ओढली. "वसंतराव, असं सरळ नसते ते. कॅमेरा हाये, फिल्म धुणं हाये, आवाज हाये..." मी म्हणालो, "सर, लोकायले सोपं सांगा लागते." एकशे चव्वेचाळीस भाग खपले. दामदुप्पट मिळेल असंही मी सांगून टाकलं. ते सर कधीच म्हणाले नव्हते.

चार वर्षं सर चित्रं काढत होते आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, रंग भरत होत्या. घरात गेलं की दोरीवर कपड्यांऐवजी खारी वाळत असायच्या. मुंबईच्या एका स्टुडिओत त्यांचं चित्रीकरण झालं आणि एकदाचे फिल्मचे डबे आले. वर्ध्याच्या टॉकीजमध्ये रविवारचा सकाळचा खेळ मी ठरवला, जोडीला एक जुना पौराणिक चित्रपट. दिवस कापूस वेचणीचे होते. सर म्हणाले, "पोरं वेचणीले जातात या दिवसांत. संक्रांत होऊ द्या." पण त्या दिवसांत टॉकीज स्वस्तात मिळत होती. मी ऐकलं नाही. तीन रविवार खेळ झाला. पुढच्या बाकांवर पोरं मोजून वीस-पंचवीस असायची, बाकीची शेतात. टॉकीजचं भाडं, कर, पोस्टर, रिळांची ने-आण वजा जाता तिसऱ्या रविवारी मॅनेजरनं माझ्या हातावर एकशे अठरा रुपये ठेवले. ती सगळी कमाई.

त्यानंतर देवळीत जे सुरू झालं त्याची सुरुवात खुशालराव हॉटेलवाल्यापासून झाली. तो एका सकाळी सरांच्या दारात उभा राहिला. "मास्तर, पैशायचं जाऊ द्या. माह्ये शंभर चित्र दाखवा मले. भिंतीले लावतो." सर हसले. खुशालराव हसला नाही. दुपारपर्यंत आणखी दहा-बारा जण आपापली चित्रं मागायला आले, आणि शेवटी सगळी चित्रं मोजायचं ठरलं. मोजली मी. दोन दिवस ट्रंकेतून गठ्ठे काढत होतो, गाठींसारखे. बेरीज सात हजार दोनशेच्या वर जाईना. बरोब्बर निम्मी! मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगतो. आनंद झाला. कमाई का बुडाली हे आता मला कुणी विचारणार नव्हतं.

सभेत सर उभे राहिले. "एक चित्र दोनदा टिपतात कॅमेऱ्यात," एवढंच म्हणाले. खुशालराव ओरडला, "ऐका हो! एक चित्र दोनदा! म्हंजे पैसेबी दोनदाच!" हसण्यात सरांचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही. तोवर लोक त्यांना कौतुकानं चोवीस मास्तर म्हणायचे. त्या दिवसापासून ते बारा मास्तर झाले. बारा चित्रांचे बारा, आणि लबाडाला 'लय बाराचा हाये' म्हणतात तेही बारा.

खरंखोटं करायला भागीदारांनी मला मुंबईला पाठवलं. स्टुडिओतला कॅमेरावाला म्हातारा होता. त्यानं खारीचं एक चित्र कॅमेऱ्याखाली ठेवलं आणि कळ दोनदा दाबली. खट, खट. दुसरं ठेवलं. खट, खट. "सगळे असंच करतात साहेब. चोवीसच्या चोवीस काढत बसले असते तर तुमच्या मास्तरांचे डोळे गेले असते." मग त्यानं बिलं दाखवली. कॅमेरा, धुलाई, आवाज, प्रिंट. आपल्या पैशात ती बसत नव्हती. वरचे पैसे सरांनी पगारातून भरले होते. मी ओळ न् ओळ तपासली. शोधत होतो चोरी, आणि ती सापडत नाही म्हणून घाम फुटत होता.

परत आलो तेव्हा खुशालराव एसटी स्टँडवरच उभा होता. "काय निंगालं, वसंतराव?" सगळा रस्ता मी या प्रश्नाचंच उत्तर जुळवत आलो होतो. म्हणालो, "तेच. एक चित्र दोनदाच वापरलं म्हणतात." शब्द खरे होते. कोणत्याही कोर्टात टिकले असते. खुशालराव मांडीवर थाप मारून म्हणाला, "पाह्य! मी म्हनलं नव्हतं?" आणि मी पिशवी उचलून घरी गेलो.

सरांनी भांडण केलं नाही. म्हणाले, निम्मे पैसे मी देतो. दरमहा शंभर. बहात्तर महिने, ऐंशीच्या दशकात बऱ्याच पुढपर्यंत ते चाललं. पगाराच्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्याकडे जायचो. महिन्याला एक पान, उजवीकडचं. दोन भागीदारांना पन्नास-पन्नास, दोन सह्या. मी नावं लिहायचो तोवर सर पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी गिरवत बसायचे. त्यांचा हात कधीच स्वस्थ नसायचा, म्हणून मी लक्ष दिलं नाही. एकदा चहाचा कप ठेवताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तं मुंबईले गेलते ना?" मी म्हणालो, "हो." त्या तशाच उभ्या राहिल्या. सर म्हणाले, "साखर कमी हाये का पाहा बरं." साखर बरोबर होती. मी चहा प्यालो.

यादीत माझंही नाव होतं. "तुमचं शेवटी ठेवू," सर म्हणाले होते. बहात्तराव्या महिन्यात मी माझे पन्नास रुपये घेतले, सही केली आणि हिशेब मिटला म्हणून वही त्यांच्याच हाती दिली. त्यानंतर त्यांनी पुन्हा सिनेमाचं नाव काढलं नाही.

वही आणायला गेलो तेव्हा मीनानं चहा केला. मी तिच्या चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होतो. शेवटी म्हणाली, "काका, पानं अंगठ्यानं भरभर सोडून पाहिलीत का कधी? बाबा लहानपणी मला तसं दाखवायचे." मी पाहिली नव्हती. मी दर महिन्याला एकच पान पाहिलं होतं. तिच्यासमोर पानं सोडली आणि कोपऱ्यातली खार पळू लागली. भागीदारांच्या सह्यांखालून, गाडीच्या चाकाजवळून, पुढं पुढं... सहा वर्षांत काढलेला तीन सेकंदांचा सिनेमा.

घरी येऊन पानं सावकाश उलटली. पहिल्या आणि दुसऱ्या पानावर खार अगदी तीच. तिसऱ्या आणि चौथ्यावर पुन्हा तीच जोडी. प्रत्येक चित्र दोनदा. मी समोर बसून पन्नास-पन्नास लिहीत होतो आणि सर माझ्या डोळ्यांदेखत दर महिन्याला मला तेवढंच सांगत होते. मी मुंबईत काय पाहून आलो हे त्यांना ठाऊक होतं का? असणारच. की मलाच अजून प्रत्येक गोष्टीत काहीतरी दडलेलं दिसतं?

एकाहत्तराव्या पानावर खार थांबली आहे. मान वळवून वही धरणाऱ्याकडे पाहते आहे. बहात्तरावं पान माझं. तिथं माझी सही आहे आणि कोपरा कोरा आहे. थांबलेल्या खारीचं तेवढं एकच चित्र सरांनी एकदा काढलं.

काल पेन्सिल घेऊन त्या कोपऱ्याशी बराच वेळ बसलो. शेपूटसुद्धा जमली नाही. म्हणून हे लिहिलं.