मॅडम, फोटो उडाले!

किस्से गोळा करावे लागत नाहीत. हिंजवडीतल्या एका कंपनीत वर्षानुवर्षं बॅकअपचं काम केलं, की ते आपोआप साठत जातात. फोटोंचं मात्र उलट. जपायचे असतात, आणि नेमके तेच जातात! मग फोन येतो, "मॅडम, फोटो उडाले!" जणू काही मीच खिडकी उघडी ठेवली होती.

*

आमच्या विभागात आम्ही दोघंच. मी आणि माझे सीनियर, मेश्राम सर. मूळचे नागपूरचे, बोलणं मोजकं. सर्व्हर भरत आला की मोठे फोल्डर शोधायचे आणि ज्याचे त्याला साफ करायला सांगायचं, हे आमचं कायमचं रडगाणं.

एकदा 'क्वार्टरली रिव्ह्यू फायनल' नावाचा अवाढव्य फोल्डर सापडला. एका मॅनेजरसाहेबांचा. फोन केला तर एकदम गरम! "त्याला हात लावायचा नाही. क्लायंटचं कॉन्फिडेन्शिअल काम आहे!"

मेश्राम सरांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे विचारलं, "सर, मग क्लायंटचं बारसं कोणत्या हॉलला झालं?"

*

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून सदाशिव पेठेत घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. अशा वेळी खालच्या मजल्यावरचे गोखले काका हमखास जिन्यात उभे.

"कॉम्प्युटर बंद पडला. युरोप टूरचे सगळे फोटो गेले."

"काका, बॅकअप घ्या म्हटलं होतं ना?"

"घेतला होता की! एक सी ड्राइव्हमध्ये, एक डी ड्राइव्हमध्ये."

"अहो, दोन्ही ड्राइव्ह एकाच डिस्कवर असतात. हॉल आणि स्वयंपाकघर वेगळं असलं, तरी घर एकच ना?"

काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे फोटो ठेवायला मी आता या वयात दुसरं घर घेऊ?"

*

टेस्टिंगमधली अनुजा एकदा रडवेली होऊन आली. कॉलेजच्या ट्रेकचे फोटो तिनं सीडीवर काढून ठेवले होते, चांगले गठ्ठाभर. आईनं त्या सगळ्या सीडी दोऱ्यात ओवून बाल्कनीत टांगल्या. कबुतरं येऊ नयेत म्हणून! उन्हापावसात राहून पार पांढऱ्या पडलेल्या.

मी तिच्या आईशी फोनवर बोलले. माउलीला पश्चात्ताप वगैरे काही नाही. "अहो, कपाटात होत्या तेव्हा कुणी ढुंकून पाहत नव्हतं. आता निदान कबुतरं तरी घाबरतात!"

*

माझ्या आत्याचा मोबाईल भरला. नको ते काढून टाक, असं मी फोनवर समजावलं. आठवड्यानं भेटले तर नातवाच्या मुंजीचा एकही फोटो नाही, आणि 'शुभ सकाळ'ची फुलं, सूर्य, चहाचे कप सगळे जागच्या जागी.

"अगं आत्या, हे काय केलंस?"

"ते सकाळचे लोकांनी आठवणीनं पाठवलेले असतात. काढून टाकलेलं बरं दिसतं का? नातू काय, आपलाच आहे!"

*

मेश्राम सरांकडे त्यांच्या वडिलांचा एकच फोटो आहे. गिरणीच्या ओळखपत्रावरचा. शिक्क्याचा अर्धा गोल बरोब्बर गालावर आलेला. सरांनी तो स्कॅन करून बहिणीकडे, भावाकडे, इंटरनेटवर, सगळीकडे ठेवलाय. नवीन आलेल्या एका मुलानं उत्साहानं सांगितलं, "सर, तो शिक्का मी दोन मिनिटांत काढून देतो. कळणारसुद्धा नाही!"

सर म्हणाले, "राहू दे बाबा. त्या शिक्क्यावरच आम्ही चार भावंडं शिकलो."

*

शिल्पा आणि मंदार नवराबायको, दोघंही आमच्याच कंपनीत. गेल्या वर्षी वेगळे झाले. घर, गाडी, भांडीकुंडी, सगळ्याची वाटणी झाली. राहिली ती लग्नापासूनच्या फोटोंची हार्ड डिस्क.

शिल्पा ती घेऊन माझ्याकडे आली. चेहरा ओढलेला. "एक कॉपी काढून त्याला दे. ही माझ्याकडे राहील. म्हणजे संपलं एकदाचं."

मी दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढली, तिची डिस्क तिला परत दिली आणि मंदारला बोलावलं. त्यानं कॉपीची डिस्क हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि पुन्हा माझ्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, तिला सांगा, कॉपी झालीच नाही."

"का?"

"म्हणजे तिच्याकडे मागायला मला एक तरी गोष्ट राहील." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी शिल्पा हजर. "नेली का त्यानं?"

मला खोटं बोलणं मुळीच जमत नाही. "अगं, कॉपीच झाली नाही. करप्ट आहे म्हणतंय."

शिल्पा टेस्टिंगची लीड. दुसऱ्यांच्या चुका पकडण्याचाच पगार घेते. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. डिस्क तिथंच पडलेली, वर माझ्याच अक्षरात ठळक लेबल, 'मंदार'.

"अरेरे," ती म्हणाली. "मग त्याला सांग, शनिवारी घरी येऊन माझ्याकडची कॉपी करून ने म्हणावं."

दारापर्यंत गेली आणि थांबली.

"आणि जेवून येऊ नकोस म्हणावं. कॉपीला वेळ लागतो."