भिंतीपलीकडचे मास्तर अन् पाइपाची सावली

मास्तर हात डोक्यावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे असा न्यायचे, जसं आभाळ करवतीनं मधातून कापून राह्यले. मग म्हणायचे, "घड्याळ अलाहाबादकडचं, सूर्य बाभुळगावचा." असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असन. आमच्या बाभुळगावात, भिंतीपलीकडे, हे रिटायर मास्तर होते, भूगोलाचे.

आभाळ कापणाऱ्या त्या रेघेला ते याम्योत्तर म्हणत. सूर्य तिच्यावर आला की खरे बारा, अन् तेव्हाच जेवण. देशाचं घड्याळ अलाहाबादकडच्या सूर्यावर चालते अन् आमच्याकडे सूर्य उशिरा येते, म्हणून घड्याळात बारा कधीच वाजून गेलेले असत. काचबिंदूनं डोळे जाऊ लागले तेव्हा त्यांनी आमच्या उघड्या अंगणात लोखंडी पाइप गाडून घेतला, उत्तर-दक्षिण सिमेंटची रेघ मारून घेतली. पाइपाची सावली रेघेवर आली की माझी बायको भिंतीवरून हाक मारायची, "मास्तर, आली सावली."

एकदा त्यांनी तिच्या हातून कोहळं कापवलं. बरोबर मधातून जाते ते महावृत्त, म्हणजे सगळ्यात मोठं वर्तुळ, बाकीचे काप लहान, हे शिकवायला. मी समोरच बसलो होतो. तिला म्हणाले, "तुह्या नवऱ्याले कुठूनही काप, मोठं वर्तुळ निघत नाही." ती पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवशी मी भाजी खाल्ली नाही.

मागच्या वर्षी ती गेली. बाया म्हणाल्या, आभाळात तारा झाली. मास्तर काठी टेकत आले अन् म्हणाले, तारा-गिरा काही होत नाही, राख होते. वर सगळ्यांसमोर विचारलं, "उद्यापासून सावली कोण सांगन?"

वाटलं, याचीच काठी घ्यावी अन् याच्याच पाठीत हाणावी.

सांगितली मी. मुद्दाम खोटी. कधी सावली रेघेपासून हातभर दूर असतानाच ओरडायचो. कधी जेवून, झोप काढून, मग. आंधळा माणूस उपाशी बसला आहे, हे माहीत होतं. मले वाईट वाटलं नाही. आताही वाटत नाही.

एक दिवस हाक मारली तर पलीकडून आवाज आला, "अजून यायची आहे. दक्षिणेकडं तोंड करून बसलो मी. ऊन डाव्या कानावर आहे, म्हणजे सूर्य अजून पूर्वेलाच."

"म्हणजे रोज कळत होतं तुमाले?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग 'सावली कोण सांगन' असं काहून इचारलं?"

"एकटा पडला तू. जिता हायेस का मेला, हाकेवरून कळते."

मी शिवी दिली. दुसऱ्या दिवसापासून सावली बरोबर सांगू लागलो.

मग त्यांचा मुलगा वणीहून आला अन् त्यांना घेऊन गेला. तिथं सून घड्याळाच्या बाराला ताट वाढायची, मास्तर हात लावत नसत. हे मुलानंच सांगितलं. मास्तर वारल्यावर घराला कुलूप लावायला आला होता तेव्हा.

सावली येते अजून. हाक कोणाला मारू? मी मेलो तर आता गल्लीला वासावरूनच कळन.