मागं बसलं की घासतंय

टायरच्या दुकानात दोन गोष्टी साचतात, जुने टायर आणि किस्से. जुने टायर निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से मात्र तसेच राहतात, आन चहा आला की एकेक बाहेर निघतो.

उस्मानपुऱ्यात माझं दुकान. सलीमभाई माझे फिटर. दुष्काळाची ती वर्षं होती, नळाला आठवड्यातून एकदा पाणी. पण शहर चहूबाजूंनी वाढत होतं आन पोरांना गाड्या खाली बसवायचं लई वेड! स्प्रिंगा छोट्या टाकायच्या, गाडी जमिनीला टेकवायची, वरून कंपनीपेक्षा रुंद अलॉय व्हील. मग टायर मडगार्डला घासणार. तो घासू नये म्हणून लोक आमच्याकडं यायचे.

*

बँकेतला एक तरुण होता. बायपासच्या पलीकडं नव्या सोसायटीत फ्लॅट. आम्ही मडगार्डची आतली कड ठोकून वळवून दिली, गाडी मस्त फिरली. चारच दिवसांत परत, टायरची कड पार सोललेली!

डिकी उघडली तर पाण्याचे जार. गच्च भरलेले.

"नळाला पाणी नाही हो, रोज इथूनच न्यावं लागतं. जार ठेवले की घासतं. काहीतरी करा."

सलीमभाई म्हणाले, "साहब, हलका पानी मिलता क्या देखो!"

तो हसला नाही. बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आमच्याकडं दोनच गोष्टी खाली चालल्यात भाऊ. ह्यांची गाडी आन सोसायटीचं बोअर!"

*

एकदा गाडी जॅकवर, चाक सलीमभाईंच्या हातात, आन त्यांच्या घरून फोन आला. गल्लीत टँकर आला होता. सलीमभाई चाक घेऊनच निघाले!

गिऱ्हाईक ओरडायला लागलं, "अहो, माझी गाडी तीन चाकांवर सोडून कुठं चाललात?"

"गाडी कुठं भागती, साहब? चक्का तो मेरे पास है. टँकर भागरा!"

दुपारी परत आले. शर्ट कोरडा, घागर कोरडी. टँकर पुढच्या गल्लीतच रिकामा झाला होता. चाक गुपचूप बसवलं. त्या दिवशी गिऱ्हाईकानंच त्यांना चहा पाजला.

*

एका नवरदेवाच्या भावानं गाडी आणली. वरातीसाठी रुंद चाकं पाहिजेत म्हणे! एका बाजूची कड ठोकून झाली, दुसरी बाजू राहिली, तेवढ्यात मुहूर्त जवळ आला म्हणून गाडी घेऊन गेला. मी बजावून सांगितलं, "डावीकडं बिनधास्त वळवा. उजवीकडं वळवली तर टायर फाटंल."

मंगल कार्यालय नेमकं उजव्या हाताला!

मग काय, प्रत्येक ठिकाणी डावीकडंच वळत वळत त्यांनी सगळा औरंगपुरा पालथा घातला. वाजंत्रीवाले थकून एका पायरीवर बसले. नवरदेव मांडवात आला तेव्हा मुहूर्त टळलेला, आन उन्हात ताटकळलेल्या वऱ्हाडानं टँकरचं सगळं पाणी संपवलेलं. जेवणावळीला पाणी नाही.

मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "जावईबापू, पोरगी दिली तुम्हाला. पण उजवीकडं वळायचं आधी शिका!"

लोक हसले म्हणतात. मुलीचे वडील मात्र हसत नव्हते.

*

आता ज्ञानबाचं सांगतो.

ज्ञानबा फर्दापूरच्या रस्त्यावरच्या एका गावचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. चारा-पाणी संपलं तशी मेंढरं विकली. ज्ञानबा शहरात कंपनीत लागला, गाडी घेतली आन पहिल्यांदा काय केलं, तर ती खाली बसवून रुंद चाकं टाकली.

चाकं बसवली त्या दिवशी बापाला घेऊन आला. आडवा-दांडगा माणूस, डोक्याला पिवळा पटका. गाडीत बसायच्या आधी त्यानं वहाणा बाहेर काढून ठेवल्या.

"आबा, वहाणा घालून बसा," मी म्हणालो.

"नवी हाय न्हवं," म्हातारा म्हणाला आन मागच्या सीटवर अंग चोरून बसला.

ज्ञानबानं गाडी हलवली. घर्रर्र! मागचा टायर मडगार्डला घासला.

सलीमभाईंनी कड अजून ठोकली. घर्रर्र! आतलं प्लास्टिक काढलं. घर्रर्र! दर वेळी म्हातारा खाली उतरायचा, बाजूला उभा राहायचा, परत वहाणा काढून बसायचा.

"गाडी थोडी वर घेऊ का? नायतर जुनी चाकं परत बसवू," मी ज्ञानबाला विचारलं.

ज्ञानबा चाकांकडं बघत राहिला. "लई दिवसांची हौस हाय, शेठ," एवढंच बोलला.

म्हाताऱ्यानं ते ऐकलं. हळूच विचारलं, "म्या मागं बसलो तरच घासतंय न्हवं?"

सलीमभाईंनी हातोडा खाली ठेवला.

"व्हय," शेवटी ज्ञानबा म्हणाला.

"मग सोपं हाय की!" म्हाताऱ्यानं उतरून वहाणा घातल्या. "तू ये गाडी घिऊन. म्या यष्टीनं जातो."

आन निघाला. मान खाली, मेंढरांमागं चालतात तशी संथ चाल. ज्ञानबा गाडीत बसला, काच खाली केली आन त्याच्या मागं मागं गाडी चालवायला लागला. "आबा, बसा की! आबा!" म्हातारा मागं बघंना.

आम्ही दोघं दुकानाच्या दारात उभे. सलीमभाई कान देऊन ऐकत होते.

"सेठ," ते म्हणाले, "अब बिलकुल आवाज नै आरी."